यज्ञेश — उद्या

काल तिथं ‘उद्या’ होतं. आजही ‘उद्या’च होतं. यज्ञेशनं चहाचा कप ओठांपासून खाली घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल नाकाशी धरला आणि ओळ पुन्हा वाचली. ‘मुरलीधर, पूजेचे आठ दिवस — यज्ञेश — उद्या.’ वर गॅस सिलिंडर, खाली टाकी धुणे, त्याखाली लेकीचा, जाईचा क्लास, आणि मधोमध ही ओळ, बाकीच्या कामांसारखीच साधी. काल सकाळी बघितली तेव्हा हीच होती. परवाही असावी. परवा ‘उद्या’ म्हणजे काल, काल ‘उद्या’ म्हणजे आज, आणि आज बघावं तर पुन्हा उद्या; हे त्यानं बोटांवर मोजून पाहिलं. ओळीखाली बारीक करड्या अक्षरांत आणखी काही लिहिलं होतं. दोन बोटांनी ताणून मोठं केलं. ‘यज्ञेश यांनी पुढे ढकलले.’ यज्ञेशनं मान वर करून समोर पाहिलं. समोर फ्रीज होता.

आपण ढकललं नाही, याची त्याला खात्री होती. अशा बाबतीत त्याची खात्री वाया जात नसे, कारण ढकलणं हा त्याचा धंदाच होता. धाराशिवच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळता सांभाळता त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. ‘पुढील आदेशार्थ सादर’, ‘चर्चा करावी’, ‘पुढील बैठकीत ठेवावे’, असल्या शेऱ्यांवर कितीतरी कागद त्यानं इकडून तिकडं जाताना पाहिले, काही स्वतः धाडले. त्यातून एकच गोष्ट तो शिकला होता. कागद आपोआप पुढं जात नाही. त्याला कुणाचा तरी हात लागतो, आणि हात लावणाऱ्याला त्यात काहीतरी हवं असतं. बाहेरच्या माणसाला वाटतं, फाईल पडून आहे. फाईल कधी पडून नसते, ती कुणीतरी पाडलेली असते. इतका अनुभव गाठीशी असलेल्या माणसाच्या स्वतःच्याच नावाची फाईल कुणीतरी त्याच्याच सहीनं रोज एक दिवस पुढं ढकलत होतं, आणि तो इथं निवांत चहा पीत बसला होता. चहा गार झाला होता. त्यानं तो तसाच घशाखाली घातला.

“गॅस आज येणारेय का?” भैरवीनं आतून विचारलं. “तुमच्या त्या यादीत काय दिसतंय?” तो म्हणाला, “यादीत दिसतं ते खरं असतंच असं नाही.” ती दारात येऊन त्याच्याकडं बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याचा आवाज कुठल्या खोलीतून येतो हे बायकांना कळतं. “आता काय झालं?” ती म्हणाली. काही नाही, म्हणून तो आंघोळीला उठला. पाणी अंगावर घेताना त्यानं भैरवीचाही विचार करून पाहिला. ती आठ दिवसांवर पहिल्यापासून नाखूश होती. आठ दिवस नवरा तुळजापुरात, पहाटे देवाला पाणी, मग तिथूनच एसटीनं कचेरी, संध्याकाळी पुन्हा तिकडंच, आणि इथं ती एकटी. हात तिचा असू शकतो. पण भैरवीला एखादी गोष्ट नको असली की ती तोंडावर नको म्हणते, वर कारण सांगते, आणि कारण संपल्यावरही बोलत राहते. असं गुपचूप ढकलणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं. तिचं नाव त्यानं खोडलं, पण पेन्सिलीनं.

उरला कैवल्य. खरं म्हणजे तो पहिल्यापासूनच उरलेला होता. बाकीची नावं घ्यायची म्हणून घेतली. कैवल्य धाकटा भाऊ, शाळेत संगणक शिकवतो, तुळजापूरच्या घरात आण्णांपाशी, म्हणजे वडिलांपाशी, राहतो. देवीच्या गर्दीपासून दोन गल्ल्या आत त्यांचं घर आहे आणि घराला लागून मुरलीधराचं देऊळ. देऊळ म्हणजे काय, एक गाभारा, पुढं चार माणसं दाटीनं उभी राहतील एवढा ओटा. भक्तांची रीघ लागावी असलं तिथं काही नाही. पण त्या हातभर मूर्तीला रोज सकाळी पाणी घालायचा मान या घराण्याचा, आणि तो पाळीनं चालतो. एक महिन्याआड आठ दिवस यज्ञेशचे, बाकी कैवल्यचे. या पाळीला पणजोबांपासूनचे नियम आहेत. पहिल्या दिवशी ज्याचा मान, त्याच्या नावानं देवाला स्नान झालं पाहिजे. न कळवता कुणी आलं नाही तर पाळी बुडाली. सुतक असेल, सोयर असेल, आजारपण असेल, आणि तसं आधी कळवलं असेल तर मात्र ती बुडत नाही, सरकते. सरकलेली पाळी उभी राहते. आणि लागोपाठ तीन बुडाल्या तर वाटा गेला, मग देवाला हात लावायचा नाही, नमस्कार ओट्यावरून करायचा. आई गेली तेव्हा यज्ञेशचेच आठ दिवस सुरू व्हायचे होते. तेराव्यानंतर आण्णा एवढंच म्हणाले होते, “तुझी सरकली. उद्यापासून धर.” आणि दुसऱ्या दिवशी गाभाऱ्यात गेल्यावर त्याला कळलं की फुलं निवडून ठेवलेली नाहीत, कारण ती आई निवडायची. तो तिथं मूर्तीपुढं बसून रडला होता. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. त्या घरात रडायला त्याला तेवढी एकच जागा होती.

तीन बुडाल्यावर काय होतं, ते त्यानं लहानपणी पाहिलं होतं. परंड्याचे बापूकाका, आण्णांचे चुलतभाऊ, तिकडं मास्तर होते. आधी नेमानं यायचे. मग कधी परीक्षा, कधी गाडी चुकली, कधी कळवायचं राहिलं. आणि एके वर्षी वाटा गेला. भांडण नाही, तंटा नाही. पुढं ते आले की ओट्यावर बसायचे. एकदा त्यांनी चौकटीशी उभं राहून विचारलं, “आत येऊ का?” हे त्याच दारात विचारलं, जिथं त्यांची मुंज झाली होती. आईनं “हे काय विचारणं झालं” म्हणत त्यांना आत घेतलं आणि चहा दिला, तो फुलाफुलांच्या कपबशीत. घरचे सगळे स्टीलच्या पेल्यातून प्यायचे. ती कपबशी पाहुण्यांची होती. बापूकाकांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि फुलांकडं बघत राहिले. यज्ञेश तेव्हा असेल आठ-नऊ वर्षांचा. माणूस घरातून जातो तो असा, हे तेव्हा त्याच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. आणि गेल्या संक्रांतीला तो तिळगूळ द्यायला गेला तेव्हा चारुशीलेनं, म्हणजे कैवल्यच्या बायकोनं, त्याच्यापुढं चहा ठेवला तो कपबशीत. फुलं नव्हती, नुसती सोनेरी कड होती. पण बशी होती. पेले घासायला पडले होते असं ती म्हणाली. घासायला पडले होते, हे त्यानं तेव्हा ऐकून घेतलं.

हे मोबाईलचं खूळही कैवल्यचंच. दिवाळीत सगळे जमले होते. आण्णा झोपाळ्यावर टॅब मांडीवर घेऊन कीर्तन ऐकत होते. तो टॅब जाईच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला, तिला नको झाल्यावर त्यांना दिलेला. कैवल्यनं सगळ्यांचे मोबाईल गोळा केले आणि एकेकात ती यादी बसवली. “आता कुणाला आठवण करायला नको, दादा. ठरलेलं काम आपोआप परत येतं. जमलं नाही तर पुढं ढकला, ते विचारतं, फक्त हे एकच की यापुढची सगळी. सोपं आहे.” दत्तोपंत, म्हणजे आण्णा, कीर्तन थांबवून म्हणाले, “माझ्याबी यात घाल. मला दिसू दे.” त्यानं त्यांच्याही टॅबमध्ये घातलं. सगळे हसले. यज्ञेश हसला नाही, कारण ‘आठवण करायला नको’ हे त्याला टोचलं होतं. आजवर आठवण अशी व्हायची: पाळीच्या आदल्या दिवशी तुळजापूरहून देवळाची किल्ली यायची. तुळशीच्या पानात गुंडाळलेली, कागदात बांधलेली, एसटीच्या कंडक्टरच्या हाती. यज्ञेश स्टँडवर जाऊन ती घ्यायचा. किल्ली हातात आली की वाटायचं, आपल्याला बोलावलंय. दिवाळीनंतर पहिली पाळी आली ती मोबाईलवर टिंग वाजून. तो गेला होता, किल्ली न येताही गेला होता, आणि आठ दिवस ती खुंटीवरून स्वतःच काढून घेत होता.

यावेळी तो गेला नाही. मोबाईल वाजला, ‘आज’ असं लाल झालं, आणि तो कचेरीतून येताना स्टँडवर उगाच एक फेरी मारून आला. किल्ली आलेली नव्हती. बघू या, म्हणाला, फोन तरी करतायत का. आपण न गेल्याचं कुणाला जाणवतं का. हा हट्ट होता हे त्याला कळत होतं. पण रुसलेल्या माणसाला समजूत काढणारं कुणी नसलं की तो स्वतःची समजूत काढत नाही, आणखी रुसतो. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी उघडून बघतो तर ‘उद्या’. पहिल्यांदा त्याला बरंच वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. चला, उद्या आहे, अजून वेळ आहे. मग त्याचं उद्यावरचं लक्ष उडालं, कचेरीत मार्चची घाई लागली, आणि ओळ तिथं रोज उद्या उद्या करत उभी राहिली. लहानपणी महाद्वाराच्या रस्त्यावर शरणबसप्पाच्या दुकानात पाटी होती, ‘आज रोख, उद्या उधार’. पाटी वाचून यज्ञेश दुसऱ्या दिवशी खरोखरच उधारीवर गोळ्या मागायला गेला होता. शरणबसप्पानं पाटीकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, “वाच की रे पुन्हा.” दुकानातली माणसं हसली. घरी आल्यावर आण्णाही हसले, पण त्यांनी त्याचा हात धरून परत नेलं आणि गोळ्या घेऊन दिल्या. पाटी खोटी बोलत नव्हती आणि तरी फसवत होती. काट्याचा नायटा होतो तो असा, एकदा शंका आली की जुन्या पाट्याही आठवायला लागतात.

संध्याकाळी जाई अभ्यासाला बसली होती. तिला त्यानं आडून विचारलं, हे ढकललं कुणी ते कसं कळतं. तिनं ओळ बघितली. “तुमचंच नाव आहे, बाबा.” तो म्हणाला, “माझं आहे, पण मी नाही.” ती म्हणाली, “मग तुमचं लॉगिन कुणाकडं तरी असंल. दुसऱ्या मोबाईलवर आहे का?” नाही, तो म्हणाला, माझा एकच मोबाईल. तिनं बोट फिरवलं. “रोज ‘फक्त हे एकच’ दाबलंय बघा. पुढच्या पाळ्या जागच्या जागी आहेत.” हे ऐकून त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण संशयाला असल्या गोष्टींनी बळच येतं. सगळ्या एकदम ढकलल्या असत्या तर उघड दिसलं असतं. एकेक ढकलणारा माणूस धीराचा असतो. आणि लॉगिन कुणाकडं होतं? ज्यानं बसवलं त्याच्याकडं. त्यानं पासवर्ड घातला तेव्हा यज्ञेश करंजी खात होता.

“मग फोन करा ना सरळ,” भैरवी म्हणाली. सरळ विचारलं की उत्तर मिळतं, आणि उत्तर मिळालं की इतके दिवस पाळलेल्या संशयाचं करायचं काय, हा प्रश्न उरतो. तरी तिच्या समोर बसून त्यानं फोन लावला. “काय म्हणतंय सगळं?” त्यानं विचारलं. कैवल्य म्हणाला, “ठीक आहे, दादा. तुमचं?” “चाललंय. आण्णा?” “आण्णा बरे आहेत. गुडघे धरतात सकाळी.” मागं चारुशीला कुणाला तरी हळू बोल म्हणाली. कैवल्यनं विचारलं, “तुम्ही कधी येताय?” यज्ञेश म्हणाला, “बघू. उद्या-परवा.” “हां,” कैवल्य म्हणाला, “तसंच दिसतंय इथं.” यज्ञेशची पाठ ताठ झाली. “दिसतंय म्हणजे?” “म्हणजे उद्या. रोज दिसतं. मी काय म्हणणार, दादा? तुमची पाळी, तुमची मर्जी. तुम्ही मोठे.” हे बोलणं पाण्यासारखं गार होतं. फोन ठेवल्यावर यज्ञेश भैरवीला म्हणाला, “बघितलंस? मर्जी म्हणे.” ती म्हणाली, “मला तर त्याचा आवाज दुखावल्यासारखा वाटला.” तो म्हणाला, “चोराच्या मनात चांदणं.” ती म्हणाली, “कुणाच्या?” आणि भाजी निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी तो उजाडायच्या आधी उठला. आंघोळ केली, मोबाईल टेबलावर ठेवला, हात मांडीवर घेतले आणि बघत बसला. ‘मुरलीधर — यज्ञेश — आज.’ म्हणजे पहाटे ती आजच असते तर. रोज जागा होईपर्यंत कुणीतरी ती उद्या करून टाकत होतं, आणि तो उठून शहाण्यासारखा उद्या वाचत होता. खिडकीबाहेर दूधवाल्याची गाडी आली आणि गेली. यावेळी तुळजापुरात काय चाललं असेल ते त्याला पाठ होतं. कळशी, गार फरशी, समईची वात, अंधारात तुळशीचा वास. ही आपली वेळ आहे आणि आपण इथं टेबलाशी बसलोय, हे त्याला एकदम फार वाईट वाटलं. तेवढ्यात ओळ हलली. त्याचे हात मांडीवरच होते. लाल अक्षरं विझली, शब्द बदलला, आणि खाली करड्या अक्षरांत उमटलं, ‘यज्ञेश यांनी पुढे ढकलले.’ आपलं भूत आपल्याच घरात वावरताना पाहावं तसा तो बघत राहिला. भीती वाटली आणि तिच्या मागोमाग राग आला, आणि रागाच्या भरात त्यानं ठरवलं की उद्या हे घडेल तेव्हा आपण तिथं दारात उभं असायचं. रंगेहाथ धरायचं.

म्हणून मंगळवारी पहाटे तो पहिल्या गाडीत बसला. गाडीत देवीला निघालेली माणसं होती, कपाळं कुंकवानं भरलेली, एका बाईच्या मांडीवर परडी. सगळ्यांना कुणीतरी बोलावलंय असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. यज्ञेश खिडकीशी बसून मनातल्या मनात बोलणी जुळवत होता. कैवल्य, मला एकच सांग. नाही, हे मऊ झालं. कैवल्य, वाटा हवा असेल तर तोंडानं माग. हे बरं होतं. मग कैवल्य काय म्हणेल, मग आपण काय म्हणू. कैवल्यची वाक्यंही तोच तयार करत होता आणि त्यांच्यावर चिडत होता. तीन बुडाल्या की संपलं. ही एक. पुढची कशी बुडवतील, त्याचीही योजना तयार असेल. मग एके दिवशी आपण दारात उभं राहून विचारू, आत येऊ का, आणि चारुशीला म्हणेल, हे काय विचारणं झालं, भाऊजी. घाट चढताना गाडी कण्हली. बाहेर तांबडं फुटत होतं आणि त्याला त्या घरात शिरायचीच भीती वाटू लागली होती.

गल्लीच्या तोंडाशी मथुराबाई फुलं घेऊन बसली होती. ती त्यांच्या देवळाला रोज तुळस द्यायची. “लई दिवसानं दिसलात,” ती म्हणाली. “मला वाटलं बदली झाली. आण्णाच करतेत हो पूजा. कळशी उचलत न्हाय त्यांना. दोनदा टेकवतेत मधी.” तो थबकला. “आण्णा करतायत? कैवल्य कुठं असतो?” “मास्तर झोपल्याले असतेत या टायमाला. आण्णा म्हणतेत, यज्ञेशची पाळी हाय, कुणी हात लावू नका.” यज्ञेशच्या कानात गरम झालं. म्हणजे एवढ्या थरापर्यंत आलं. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्याला पहाटे गार पाण्यात उभं करायचं आणि आपण पांघरुणात पडून दादाचा दिवस पुढं ढकलायचा. मथुराबाईनं पानात बांधून दिलेली तुळस त्यानं घेतली आणि तो जवळजवळ पळतच निघाला.

देवळाचं दार लोटलेलं होतं. आत समई लागली होती. तो चपला काढत होता तोच आण्णांचा आवाज आला, पहाटेचा, जड, मध्ये श्वास घेत घेत चाललेला. संकल्प सोडत होते. “काश्यपगोत्रोत्पन्नस्य यज्ञेशशर्मणः यजमानस्य…” यज्ञेश एक चप्पल पायात आणि एक हातात असा उभा राहिला. त्याच्या मनात पहिलं काय यावं? तर हे की, माझ्या नावानं इथं काय खपवतायत. सवय वाईट असते. मग आवाज पुन्हा आला, त्याचं नाव पुन्हा आलं, आणि पळीतून पाणी ताम्हनात पडल्याचं ऐकू आलं. बाप मुलाचं नाव घेऊन देवापुढं पाणी सोडत होता. रोज. ज्या सकाळी यज्ञेश धाराशिवात झोपला होता त्या प्रत्येक सकाळी तो इथं हजर होता, आणि देवाच्या दप्तरी त्याची एकही गैरहजेरी लागलेली नव्हती. त्यानं हातातली चप्पल खाली ठेवली. फटीतून आत पाहिलं.

आण्णांनी मूर्ती पुसली, गंध लावलं, फुलं वाहिली, धूप ओवाळला. पंच्यावर हात नीट कोरडे केले. मग कोनाड्यातून टॅब काढला. जाईच्या वेळचा फुलपाखराचा स्टिकर अजून त्याच्या पाठीवर होता. टॅब जाईसाठी घेतला तेव्हा त्यात नाव घातलं होतं यज्ञेशचं, आणि ते तिथून कुणी काढलंच नव्हतं. हे त्याला आत्ता, दाराच्या फटीशी उभं असताना आठवलं. आण्णांनी टॅब हातभर लांब धरला, डोळे बारीक केले, बोट हवेत जरा फिरवलं, नेम धरला आणि दाबलं. मग तो काय विचारतोय ते पुटपुटत वाचलं, “फक्त हे एकच,” आणि पुन्हा दाबलं. यज्ञेशच्या खिशात मोबाईल थरथरला. आण्णांनी त्या आवाजाला मान वळवली.

“आलास?” ते म्हणाले. “अरे, मी आत्ताच तुला उद्यावर टाकलं.”

यज्ञेशनं जुळवून आणलेलं एकही वाक्य इथं चालण्यासारखं नव्हतं. “कशाला, आण्णा?” एवढंच तो म्हणाला. आण्णांना प्रश्नाचं नवल वाटलं. “लाल झालं होतं की. पहिल्या दिवशी तू आला न्हाईस. म्हटलं, अडकला असंल. दिवसभर तसंच लाल ठेवलं असतं म्हणजे बुडाली. आणि कळवलं म्हणजे सरकली. मग तुझ्या वतीनं मीच कळवतो, कैवल्य उठायच्या आत. पाणीबी तुझ्याच नावानं घालतो. सरकलेली उभी राहती रे.” ते टॅब कोनाड्यात ठेवत होते. “बापू परंड्याहून येईना तेव्हा हे यंत्र नव्हतं. एक पोस्टकार्ड टाकलं असतं मी त्याच्या नावानं, तर भागलं असतं. सुचलं न्हाई तेव्हा.” यज्ञेश म्हणाला, “पण मला इथं रोज उद्याच दिसायचं, आण्णा. मी उद्याची वाट बघत होतो.” आणि आपण हे सगळंच खरं सांगत नाही, आपण किल्लीची वाट बघत होतो, रुसलो होतो, आणि या घरातल्या सगळ्यांना मनातल्या मनात कितीदा चोर ठरवलं होतं, हे त्याला त्याच वेळी लख्ख कळलं. त्याला लाज वाटली. कैवल्यलाही रोज तेच दिसत असणार, दादा स्वतः ढकलतायत. आणि तो पांघरुणात पडून काय समजत असेल.

“मीबी वाटच बघत होतो,” आण्णा म्हणाले. “किल्ली पाठवायची म्हणून बांधून ठेवली. दोनदा स्टँडवर गेलो. कंडक्टर सगळे नवे. अनोळखी माणसाच्या हाती देवाची किल्ली कशी द्यावी?” त्यांनी छातीवरचं जानवं पुढं ओढलं. जानव्याला किल्ली बांधलेली होती. किल्लीशी तुळशीचं एक पान होतं, वाळून काळं पडलेलं. आण्णा गाठ सोडायला लागले. बोटं थंडीनं आखडलेली, आणि गाठ रोजच्या आंघोळीच्या पाण्यानं भिजून वाळून, भिजून वाळून घट्ट बसलेली. ती हलेना. यज्ञेश चौकटीशी उभाच होता. अंगावर एसटीचे कपडे, आणि आण्णा सोवळ्यात. त्याच्या तोंडून निघून गेलं, “आत येऊ का?”

आण्णांनी मान वर केली. त्यांना काय आठवलं ते त्यांच्या तोंडावर दिसलं. “असं विचारू नये,” ते हळू म्हणाले. “पूजा झालीय. शिवलास तरी चालतं. ये.”

तो आत गेला आणि त्यांच्यापुढं गुडघे टेकून बसला. आण्णांनी हनुवटी वर करून धरली. त्यांच्या अंगाला गार पाण्याचा आणि गंधाचा वास येत होता, छातीची कातडी सैल झाली होती आणि थंडीनं तिच्यावर काटा आला होता. गाठ नखात धरवत नव्हती. शेजारच्या खोलीत कैवल्य उठल्याचा, खाकरल्याचा आवाज आला.

“राहू दे आता,” आण्णा म्हणाले. “उद्या सुटंल.”

“नको, आण्णा,” यज्ञेश म्हणाला. “आज.” आणि त्यानं गाठीचं टोक शोधायला सुरुवात केली.